ग्रुप असताना साइट कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. कुटुंबापुरती खासगी साइट काढावी असं सुचवणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सगळे नातेवाईक व्हॉट्सॲपवर असताना वेगळी साइट म्हणजे निव्वळ हौस, ज्येष्ठांना पासवर्ड आठवत नाहीत, 'खासगी' हे फक्त नावापुरतं, आणि चालवणाऱ्याचा उत्साह ओसरला की सगळं बंद.

बातमी कळवायला ग्रुपच बरा, यात वादच नाही. बाळ झालं, निकाल लागला, कुणाला दवाखान्यातून घरी सोडलं, हे साइटवर टाकून लोक कधी वाचतील याची वाट बघत बसण्यात काय हशील? प्रश्न पुढे येतो, तेच पुन्हा शोधायची वेळ आली की.

आमच्या ग्रुपवर मागे आजोबांच्या पिढीचा एक फोटो आला. काही बसलेले, काही उभे, पुढे जमिनीवर पोरं. आत्यानं खाली लिहिलं, 'मागच्या रांगेत डावीकडून तिसरी माझी मावशी, पण कडेवरचं मूल तिचं नाही, शेजारणीचं.' हे सांगू शकणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. त्यावर पटापट अंगठे आले, नमस्कार आले, तेवढ्यात कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि आत्याचा मजकूर शुभेच्छांखाली गाडला गेला. नंतर तो शोधायचा कसा? शोधखिडकीत 'मावशी' टाकून बघा, किती मावश्या निघतात! शिवाय उद्या एखादी नात मोठी होऊन ग्रुपवर आली, तर मागचा सगळा साठा तिला आपोआप दिसत नाही. साइटवर तो मजकूर फोटोच्या खालीच राहतो, एवढंच माझं म्हणणं.

दुसरं असं, की व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होऊन जातो आणि फाइलच्या पोटातली तारीख, ठिकाण ही माहितीही गळते. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, पण तीही मूळ फाइल नव्हे. मूळ फाइल हवी तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो, आणि ते कोण करतं?

पासवर्डचं फार अवघड नाही. घरातल्या सगळ्यांना मिळून एकच ठेवायचा, फोनमध्ये एकदा भरून द्यायचा आणि नवं काही टाकलं की ग्रुपवर दुवा द्यायचा. सामायिक पासवर्ड कधी ना कधी बाहेर जाणार हे धरूनच चालायचं. म्हणून पत्ते, फोन नंबर, कागदपत्रं साइटवर नकोत. पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव शेजारीशेजारी मांडणारी वंशावळ तर नकोच नको. बँकांसारख्या ठिकाणी ओळख पटवायला हेच प्रश्न विचारण्याची रीत जुनी आहे.

'नावापुरतं खासगी' हा तुमचा शेरा बऱ्याच साइटना लागू पडतो, हे खरं. दुवा कुणाला सांगितला नाही म्हणजे साइट खासगी झाली, असं पुष्कळांना वाटतं. गूगलसारख्या शोधयंत्रांना दूर ठेवणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४ पासूनची, पण ती निव्वळ विनंती आहे. मानायची की नाही हे येणाऱ्याच्या मर्जीवर. तपासायची सोपी युक्ती सांगते. साइटवरच्या एखाद्या फोटोचा थेट पत्ता कॉपी करा आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे आधी भरलेला पासवर्ड लागू होत नाही) उघडा. पासवर्ड न विचारता फोटो दिसला, तर कुलूप फक्त पानाला आहे, फोटोंना नाही. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारूनच, आणि मूल कळतं झालं की त्यालाही विचारून. चढवण्याआधी फोटोतलं ठिकाण काढून टाकायचं. (हो, वर मी तेच गळतं म्हणून कुरकुरले. मूळ फाइल घरच्या डिस्कवर ठिकाणासकट, साइटवरची प्रत त्याविना.)

राहिला टिकण्याचा मुद्दा, आणि तुमच्या प्रतिक्रियेत वजन आहे ते यातच. फक्त तो घरच्या साइटलाच का लावायचा? खास कुटुंबांसाठी १९९८ मध्ये सुरू झालेली मायफॅमिली डॉट कॉम २०१४ मध्ये बंद झाली. लोकांना स्वतःची पानं फुकट ठेवू देणारी जिओसिटीज २००९ मध्ये गेली. गूगलचं फोटो ठेवायचं पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली. कंपन्यांचाही उत्साह ओसरतोच की!

म्हणून मी साइट मुद्दाम साधी ठेवायला सांगते: जेपीजी फोटो, साधी एचटीएमएल पानं, माणसांची नावं मजकुरात लिहिलेली. साइट उद्या बंद पडली तरी तो फोल्डर कुठल्याही संगणकावर उघडून वाचता आला पाहिजे. वर्षातून एकदा त्याची प्रत दोन वेगवेगळ्या घरांतल्या डिस्कवर जावी. आणि डोमेनचं म्हणजे साइटच्या नावाचं नूतनीकरण, होस्टिंगचं म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तिथलं खातं, त्यांचे पासवर्ड हे सगळं दोन माणसांकडे असावं, त्यातलं एक पुढच्या पिढीतलं. नूतनीकरणाची आठवण करून देणारी ईमेल एकाच माणसाच्या खात्यात येत असेल, तर तुमची भीती शंभर टक्के खरी ठरणार.

असं दुसरं माणूस तुमच्या घरात मिळत नसेल, तर साइट काढू नका असंच मी म्हणेन. नावं लिहिलेला फोल्डर आणि दोन डिस्क, तेवढ्यावर भागतं.