भाऊसाहेब, फाईल मोडते हे खरं आहे

भाऊसाहेब, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं ‘निवृत्त अव्वल कारकून’ आहे, म्हणून भाऊसाहेबच म्हणतो. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत, खुली सिस्टिम) घालून आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती आणि तालुक्याची कार्यालयं चालवता येतील, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की फाईल उघडली की मोडते, बिघाड झाला तर फोन कुणाला लावायचा, जर्मनीतलं म्युनिकसारखं शहर लिनक्ससाठी एवढी वर्षं झटून परत विंडोजकडे फिरलं तिथं आपली काय कथा. आणि वर ‘दुकानात बसून लेख लिहिणं सोपं आहे, मार्चएंडला टेबलावर बसून दाखवा.’

शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं. मार्चएंडला मी टेबलावर नसतो, पण बऱ्याचदा टेबलाखाली असतो. प्रिंटरची केबल, धुळीने गुदमरलेला पंखा, आणि वरून ‘बिलं आजच गेली पाहिजेत’ हा आवाज. दुरुस्तीवाल्याला कार्यालय खालून दिसतं, पण दिसतं.

म्युनिकचं थोडक्यात. ठराव २००३ चा, प्रत्यक्ष बदल २००६ पासून, आणि २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास मशिनपैकी बहुतेक लिनक्सवर आली होती. म्हणजे जमलं नाही असं नाही. २०१७ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने विंडोजकडे परत जायचं ठरवलं, हेही खरं. पण त्याआधी शहराने सल्लागारांकडून तक्रारी तपासून घेतल्या, तेव्हा मोठं दुखणं निघालं ते आयटीच्या कारभारात: माणसं खात्याखात्यांत विखुरलेली, निर्णय कुणी घ्यायचा याचा पत्ता नाही. तुम्ही हे वाचून हसला असाल. तुमची सगळी नोकरीच अशा कारभारात गेली असणार.

मला म्युनिकपेक्षा ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची गोष्ट जास्त बोचते, आणि ती तुमच्या बाजूची आहे. त्या शहराने २००५ च्या सुमारास लिनक्सचा प्रयोग सुरू केला. तिथल्या बालवाड्यांत मुलांच्या भाषेसाठी एक सॉफ्टवेअर होतं, आणि ते फक्त विंडोजच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरवर चालायचं. तेवढ्यासाठी २००८ मध्ये ती मशिन परत विंडोजवर गेली. एका सॉफ्टवेअरपायी! आपल्याकडे ती जागा डिजिटल सहीच्या डोंगलने (सहीची किल्ली असलेल्या, पेनड्राइव्हसारख्या यूएसबीने) घेतली आहे. गेल्या वर्षी एका ग्रामपंचायतीत मी हौसेने लिनक्स घातलं. ब्राउझर सुरेख, प्रिंटर पहिल्या फटक्यात चालू, सरपंचांनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन: सही होत नाही. डोंगलचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळाला, पण सही करून घेणारा छोटा प्रोग्राम विंडोजसाठीच बनवलेला. संध्याकाळी मुकाट्याने त्या मशिनवर परत विंडोज घातलं. हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. तुमचा राग तिथं बरोबर आहे.

आता फाईल. ती मोडते यात वाद नाही, पण कशाने मोडते हे नीट बघितलं पाहिजे. माझ्या टेबलावर येणाऱ्या मोडलेल्या मराठी फाईली दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात अक्षरं नीट दिसतात, पण एका पानाचं पत्र दीड पानावर जातं, तक्ता सरकतो, सहीची जागा पुढच्या पानावर एकटीच पडते. कारण साधं असतं. पत्र ‘मंगल’ फॉन्टमध्ये केलेलं, तो विंडोजबरोबर येतो, लिनक्सवर नसतो. मग लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) दुसरा फॉन्ट घेतं आणि ओळींची उंची बदलते. दोन्हीकडे लोहित किंवा नोटोसारखा मोफत फॉन्ट ठेवला, किंवा लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट फाईलमध्येच भरून पाठवायची सोय आहे ती वापरली, तर हे बहुतेक मिटतं. अंतिम पत्र तर पीडीएफच जावं; कलेक्टर कचेरीत तुमचं पत्र कुणी दुरुस्त करायला बसणार आहे थोडंच?

दुसरा प्रकार वाईट. कृतिदेव हा जुना फॉन्ट आणि त्याच्या भावंडांच्या काळातल्या फाईली. त्यात कॉम्प्युटरला मराठी कळलेलीच नसते. आत इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि एबीसीडीचा घोळका समोर येतो. हा प्रकार लिनक्सच्या माथी मारू नका, भाऊसाहेब. तो फॉन्ट न घातलेल्या कोऱ्या करकरीत विंडोजवरही तीच गत. शिवाय अशी फाईल शोधताही येत नाही. ग्रामसभेच्या वीस वर्षांच्या इतिवृत्तात ‘पाणंद’ शोधायला गेलात तर शून्य सापडतं, कारण ‘पाणंद’ त्यात लिहिलेलंच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे आत खरीच देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घालायला माणूस लागतोच, नाहीतर सूर्यवंशींचं काय होईल सांगता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं आता बदललं आहे, आणि ते तुमच्यामुळे. लिनक्स शेवटी. आधी आहे त्याच विंडोजवर युनिकोड, मग त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस. फ्रान्सच्या जांदारमेरी या पोलिस दलाने हाच क्रम धरला: २००५ मध्ये ओपनऑफिस (लिब्रेऑफिसचंच आधीचं भावंड), उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराकडे वळले २००८ पासून. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार मशिनचा निर्णय घेतला, तिथंही लिब्रेऑफिस आधी. आणि परदेशच कशाला, केरळच्या शाळांत दोन लाखांवर कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. पण तिथं आधी मास्तरांना शिकवलं, हे आपण विसरतो.

शिकवण्यावरून आठवलं. ज्यांची बोटं टायपिंग क्लासच्या रेमिंग्टन टाइपरायटरवर बसली आहेत त्यांना पन्नाशीत इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कीबोर्डवर आणायचं म्हणजे चेष्टा नाही. मी ‘एक रुपया खर्च नाही’ असं लिहिलं होतं, ते चुकलं. लायसनचा खर्च नाही. माणसांचा आहे, आणि तो पहिल्या वर्षी दुखेल.

फोन कुणाला लावायचा? आज कुणाला लावता? विंडोज अडलं म्हणून अमेरिकेला फोन केलेला कारकून मी पाहिला नाही. माझ्यासारख्यालाच लावता. उद्यमनगरात इंजिनाचा पार्ट लेथवर बनवून घेतो तेव्हा कंपनीची परवानगी लागत नाही, कारण इंजिन उघडता येतं. उघडता येणारं सॉफ्टवेअर मला म्हणूनच आवडतं. मात्र ते उघडून बसणारी पोरं आज गावात मोजकीच आहेत, हे कबूल. बारा तालुक्यांना ती पुरणार नाहीत.

थांबताही येत नाही, ही अडचण. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्याकडे येणारी निम्मी सरकारी मशिन विंडोज ११ ला चालत नाहीत. प्रोसेसर जुना, नाहीतर टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही. ती भंगारात काढायची, की ज्या टेबलावर डोंगल लागत नाही, जन्म-मृत्यू नोंदीसारखं नुसतं ब्राउझरचं काम आहे, तिथं लिनक्स घालून वापरायची? मी दुसरं करीन. डोंगलचं एक मशिन विंडोजवर राहू दे.

तुम्ही अंदाजपत्रकाच्या एक्सेलबद्दल लिहिलंय, मॅक्रो (बटण दाबलं की कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) घातलेल्या. तिथं मला खरंच धाकधूक आहे, मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये कधी चालतात, कधी रुसतात. आकडे पुसून ती एक फाईल दुकानात आणून द्या. उघडून, सगळी बटणं दाबून बघतो. नाही चालली तर तसं इथंच लिहीन.