‘एका क्षणाचा मोह’? दावीदावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बायबलच्या ‘२ शमुवेल’ ग्रंथात दावीद राजा गच्चीवरून अंघोळ करणारी बथशेबा पाहतो, तिला वाड्यावर आणतो आणि ती गरोदर राहिल्यावर तिचा नवरा, सैनिक उरीया, याला लढाईत मारवतो. त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. तुमचे मुख्य आक्षेप तीन: दावीदाच्या हातून घडला तो क्षणाचा मोह, मी त्याला उगाच कारस्थान ठरवलं; बथशेबेचाही दोष होता; आणि बायबलच्याच ‘१ इतिहास’ ग्रंथात ही हकिकत नाही, म्हणजे ती मागाहून घुसडलेली.

आधी माझी चूक. दावीदाचा सेनापती यवाब याने हुकूम तंतोतंत पाळला असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. दावीदाने त्याला पत्रात लिहिलं होतं: उरीयाला ऐन लढाईच्या तोंडी द्या आणि मागे सरका. तसं केलं असतं तर साऱ्या छावणीला खून दिसला असता. मुरलेल्या यवाबाने माघार गाळली, तुकडीच तटाजवळ नेली. उरीयाबरोबर आणखीही माणसं मेली आणि खून लढाईत जिरला. पत्र नेणारा हात खुद्द उरीयाचा होता!

आता ‘क्षण’. राजा चौकशी करतो तेव्हा उत्तर स्पष्ट मिळतं: एलियामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. तिथे थांबता आलं असतं. तो माणसं पाठवतो. ती गरोदर असल्याचा निरोप यायला काही आठवडे तरी गेलेच असणार. मग लढाई चालली होती त्या अम्मोनी लोकांच्या राब्ब्याहून, म्हणजे आजच्या अम्मानहून, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवरून, यार्देनच्या खोऱ्यापलीकडून उरीयाला बोलावणं. त्याला घरी जायला सांगणं, मागोमाग भेट धाडणं. तो वाड्याच्या दारातच झोपला म्हणून दुसऱ्या खेपेस दारू पाजणं. तरीही तो घरी जात नाही, कारण सोबती उघड्या रानात तळ देऊन आहेत. दावीदाला जाब विचारायला संदेष्टा नाथान येतो तोवर मूल जन्मलेलं असतं. एवढा लांबलेला क्षण!

‘२ शमुवेल’च्या त्या अकराव्या अध्यायात ‘पाठवणे’ हे क्रियापद मूळ हिब्रूत डझनभर वेळा येतं. अदुल्लामच्या गुहेत कर्जबाजारी, गांजलेल्या ४०० जणांचा म्होरक्या झालेला, हेब्रोनात साडेसात वर्षं राज्य करून स्वतःची माणसं घेऊन यरुशलेम जिंकणारा हा माणूस आता वाड्यात बसून माणसं पाठवतो. राजांनी मोहिमेवर निघायच्या दिवसांत तो मागे राहिला, हे अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात आहे. लेखकाने ते उगाच लिहिलेलं नाही.

बथशेबेबद्दल: गच्चीवर दावीद होता, ती गच्चीवर होती असं कुठेच म्हटलेलं नाही. ती विटाळानंतर शुद्ध होत होती, याचा उल्लेख मोहासाठी नाही. मूल उरीयाचं नव्हे, हे त्यातून पक्कं होतं. दावीदाला त्याचं पाप दाखवायला नाथान जो दाखला सांगतो, त्यात श्रीमंत माणूस गरिबाची मेंढी पळवतो, आणि मेंढीला कोणी दोष देत नाही. दावीद रागाने चौपट भरपाई फर्मावतो. ‘निर्गम’ या नियमशास्त्राच्या ग्रंथातला मेंढीचोरीचा दंडही चौपटच आहे. म्हणजे कायदा त्याला चांगला ठाऊक होता.

राहिला ‘इतिहास’. तो ग्रंथ पुष्कळ नंतरचा, यहूद्यांना बाबेलात कैद करून नेलं त्या बंदिवासानंतरचा. त्याच्या २०व्या अध्यायात ‘दावीद यरुशलेमेत राहिला’ हे वाक्य तसंच आहे आणि पुढच्याच ओळीत दावीद अम्मोनी राजाच्या डोक्यावरचा मुकुट उचलतो. यरुशलेमेत राहिलेला राजा राब्ब्यात पोचला कधी? मधला मजकूर कापला त्याचा हा व्रण. मागाहून घुसडलेल्या गोष्टीचा असा व्रण जुन्या ग्रंथात, म्हणजे ‘२ शमुवेल’मध्ये, दिसला असता, नव्यात नव्हे. आणि कापणाऱ्यानेही ‘१ इतिहास’च्या ११व्या अध्यायातल्या वीरांच्या यादीत उरीया हित्तीचं नाव राहू दिलं.