गिअरवाली की ऑटोमॅटिक, हे घोडबंदरला विचारा

आमच्या घरी ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला, नवी गाडी घ्यायचीये आणि त्यावरून फॅमिली ग्रुपवर रोज रात्री राडा चालू आहे. दादा म्हणतो ऑटोमॅटिकच घेऊया, बाहेर सगळे तीच चालवतात. मामांचं म्हणणं की ऑटोमॅटिक म्हणजे ज्याला गाडी येत नाही त्याच्यासाठी, वर ॲव्हरेज मार खातं, आणि युरोपात बघा अजून गिअरवाल्याच गाड्या. मग दोघंही मला टॅग करतात, कारण मी जर्मनीत स्टुटगार्टला असते.

तर दादा, तू ज्याला बाहेर म्हणतोयस ती अमेरिका रे. इथे स्वस्तातली सेकंडहँड बघायला गेलं किंवा भाड्याने सगळ्यात स्वस्त गाडी घेतली की बऱ्याचदा गिअरवालीच मिळते. आणि लायसन्सची भानगड वेगळीच. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सवर 78 नंबरचा कोड पडायचा, म्हणजे गिअरची गाडी चालवायची नाही. मग इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यात क्लचच नाही, आणि त्यावर शिकलं तर हा कोड लागणार म्हणून पोरं शिकायलाच तयार नाहीत. शेवटी एप्रिल 2021 पासून मधला रस्ता काढला, लायसन्सवर बी 197 हा नवा कोड. गिअरच्या गाडीवर 45 मिनिटांचे किमान 10 क्लास, मग ड्रायव्हिंग स्कूलवालाच निदान 15 मिनिटं चालवायला लावून बघतो, आणि खरी परीक्षा ऑटोमॅटिकवर. पास झालात की दोन्ही चालवायला मोकळे.

आपल्याकडे उलटी गंमत आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरची दुचाकी वेगळी, गिअरची वेगळी, पण कार मात्र सगळ्या एकाच एलएमव्हीत, म्हणजे हलक्या वाहनांच्या वर्गात. म्हणजे स्कूटरवाल्याला बाइक चालवायची तर लायसन्सवर वेगळी नोंद पाहिजे, आणि जन्मभर ऑटोमॅटिक कार चालवलेला माणूस उद्या गायमुखच्या घाटात गिअरची गाडी घेऊन गेला तर कोणी हटकणार नाही, मागच्या गाडीवाल्याने देवाचं नाव घ्यायचं. त्यामुळे शिकताना गिअरवरच शिका हे मामांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण मामा, शिकणं वेगळं आणि रोज चालवणं वेगळं. युरोपाचं उदाहरण देताना तुम्ही एक गोष्ट सोडताय. स्टुटगार्ट डोंगरांच्या मधे खोलगट जागी वसलंय, चढउतार भरपूर, तिथे गिअर टाकायला मजा येते हे खरंय. जॅम इथेही लागतो, ए8 हायवेवर तर चांगलाच लागतो. पण मी ऑफिसला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने जाते, गाडी काढते ती शनिवार-रविवारी, मग क्लच दाबायचं कौतुक वाटणारच ना. दादा रोज मानपाड्याहून माजिवडा, कळवा, विटावा करत ऐरोलीला जातो, त्यात मेट्रोचं काम, मधेच आडवा आलेला ट्रेलर, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी. अख्खा रस्ता पहिला-दुसरा, पहिला-दुसरा आणि हाफ क्लच. ह्यात कसलं आलंय ड्रायव्हिंगचं कौशल्य, ही डाव्या पायाची हमाली झाली.

ॲव्हरेजचा मुद्दा तर जुनाच झाला. 2014 ला मारुतीच्या सेलेरिओमध्ये एएमटी ऑटोमॅटिक आली तेव्हापासून छोट्या गाड्यांत हा फरक फारसा उरला नाही, कारण एएमटी म्हणजे वेगळं काही नसतं, गिअरबॉक्स तोच, क्लचही तोच, फक्त दाबायचं काम आपल्या पायाऐवजी मशीन करतं. गिअर बदलताना थोडी मान डोलावते, ती सवय होते. मात्र तोच क्लच असल्यामुळे चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा, नाहीतर क्लचप्लेट तापून वास सुटतो. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार जास्त स्मूथ, पण पैसेही जास्त, आमच्या बजेटात ते बसत नाही त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि ह्या सगळ्यात एका माणसाला कोणी विचारलंच नाहीये. दादा ऑफिसला बसने गेला की गाडी बाबा चालवणार, आणि बाबांचा डावा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरतोय. ते ग्रुपवर फक्त अंगठा टाकतात, मामांच्या मेसेजलाही आणि दादाच्या मेसेजलाही. माझं मत विचाराल तर एएमटी घ्या, भाचा अठराचा झाला की त्याला गिअरच्या गाडीवर क्लास लावा.

तरी नक्की ठरत नसेल तर शोरूमवाल्याच्या भरवशावर राहू नका, तो रविवारी सकाळी उपवनला एक फेरी मारून आणेल आणि त्यात कुठलीही गाडी छानच वाटते. बाबा, टेस्ट ड्राइव्ह शुक्रवारी संध्याकाळी सातला मागा, कापूरबावडी ते पातलीपाडा, आधी गिअरवाली मग ऑटोमॅटिक, आणि ह्या वेळी अंगठा नको, नीट टाइप करून सांगा.