तीन लेट मार्क

आज दुपारी आमच्या विभागातील एका मुलीच्या तीन लेट मार्कांपोटी अर्ध्या दिवसाची रजा कापण्याचा कागद माझ्या सहीसाठी आला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. तिन्ही दिवसांचा मिळून उशीर २२ मिनिटांचा. तिचे बाळ दहा महिन्यांचे आहे, पाळणाघर आठला उघडते आणि त्यानंतरच्या गाड्यांत डोंबिवलीला पाय ठेवायलाही जागा नसते.

कागद पाहताना मला २०११ सालची ती संध्याकाळ आठवली. दिवा स्टेशनजवळ ओव्हरहेड वायर तुटली आणि गाडी दीड तास जागची हलली नाही. साडेसातला बंद होणाऱ्या पाळणाघरापाशी मी पोहोचले तेव्हा नऊ वाजत आले होते. काकू कुलूप लावून जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि माझी तीन वर्षांची मुलगी, पायात बूट, पाठीवर दप्तर, त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मी सकाळी तासभर लवकर येऊन संध्याकाळी तासभर लवकर निघण्याची परवानगी मागितली, तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील."

मागू देत की! आणि तासाला तास भरून देत असताना त्यात सवलत कसली?

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. आमच्याकडे दीडशेच्या वर माणसे आहेत. पाळणाघर म्हणून दाखवलेल्या खोलीत जुन्या फायली आणि दिवाळीचे कंदील आहेत. रजेनंतर घरून काम करण्याचीही तरतूद आहे, पण ती मालकाच्या संमतीवर, म्हणजे पुन्हा साहेबांच्या मर्जीवर. बाप तर या कायद्यात कुठेच नाही, जणू मुलाला ताप आला की फक्त आईचाच फोन वाजतो!

रुग्णालयातील परिचारिकेला किंवा बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला घरून काम करता येणार नाही, हे मान्य. सोयीचा गैरफायदा घेणारेही असतात, तेही मान्य. पण ते साडेनऊला पंच करूनही दिवसभर चहाच पितात. मार्च २०२० मध्ये ऑफिसला टाळे लागले, तेव्हा आमचे सगळे काम जेवणाच्या टेबलांवरून झालेच ना? त्याच साहेबांनी तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन मीटिंगा घेतल्या.

साहेबांवर मी फार घसरले असेन. माणूस वाईट नव्हता. बंद पाळणाघरासमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, इतकेच. माझ्यावर आली होती, तरीही गेल्या वर्षी असे दोन कागद मी नावे न वाचताच सही करून पुढे पाठवले, आणि तो जिना तेव्हा मला आठवला नाही.

आजच्या कागदावर सही केलेली नाही. उद्या एचआरकडे जाऊन तिची वेळ दहा ते साडेसहा करून मागणार आहे. निघताना तिला तसे सांगितले, तर ती घड्याळाकडे पाहत म्हणाली, "राहू द्या मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी नकोत," आणि सहा वाजून पाच मिनिटांची गाडी पकडायला अक्षरशः पळत सुटली.