पाकिटावर तिकीट नाही म्हणून पत्र बनावट?

नमस्कार. ग्वाल्हेरच्या एअरमनने, म्हणजे हवाई दलातल्या सैनिकाने, मे १९४४ मध्ये बायकोला लिहिलेले ते पत्र बनावट आहे, असे आपण ठामपणे लिहिलेत. तिकीट नाही, गावाचे नाव नाही, हवाई दलाच्या नावात ‘रॉयल’ नाही, मजकुराला भोके आहेत, लढाईचे अवाक्षर नाही, ही आपली कारणे. माझ्या लेखी हीच कारणे पत्राच्या बाजूने जातात.

आघाडीवरून साध्या डाकेने येणाऱ्या पत्राला तिकीट लागत नसे. वर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ (युद्धसेवेवर) लिहिले की काम भागे. उलट ग्वाल्हेर संस्थानाचा छाप असलेले तिकीट दिसले असते, तर मी पाकीट लगेच बाजूला ठेवले असते. ती तिकिटे संस्थानात टाकलेल्या टपालासाठी होती. गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे सैन्यासोबतच्या टपाल कचेरीचा, नुसता क्रमांक असे, आणि तुकडी हलली की ते ऑफिसही हले. म्हणून क्रमांक आणि तारीख जोडीनेच पाहायची. ‘रॉयल’ ही उपाधी तर मार्च १९४५ मधली.

भोकांचा दोष आपण कसरीला दिलात. पान तिरप्या उजेडात धरा. कसर कागद खरवडत जाते, कडा पातळ आणि वेड्यावाकड्या होतात. इथे चौथ्या ओळीत ‘आम्ही सध्या’नंतरची पट्टी गायब आहे: कडा सरळ, कोपरे काटकोनी. हे सेन्सॉरच्या, म्हणजे पत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ब्लेडचे काम. मागच्या बाजूचे बाळाच्या खोकल्याचे वाक्य त्यात विनाकारण कापले गेले. ठिकाण, विमानाचा प्रकार, हवामान, कोण जखमी झाले, यातले काहीच लिहायची मुभा नव्हती. मणिपुरातल्या इंफाळला तेव्हा जपानी सैन्याचा वेढा पडला होता. ते नाव पत्रात शाबूत राहिले असते तर मला शंका आली असती.

‘बायकोला कोणी इतके कोरडे लिहितो का?’ अहो, आधी तुकडीतला अधिकारी वाचणार. त्याला मराठी येत नसेल तर पत्र तळावरच्या सेन्सॉरकडे जाणार. मग ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घरी वडील ते मोठ्याने वाचून दाखवणार. ‘प्रकृतीस जपावे, दूध घेत जावे’ यापलीकडे त्याने लिहायचे तरी काय?

शंकाच घ्यायची तर कागदावर घ्या. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणासाठी रसायन घातलेले असते, ते निळसर पांढरे चमकते. युद्धकाळातला कागद मंदच दिसतो. अर्थात चमकला तर पत्र संशयास्पद. नाही चमकला म्हणून अस्सल ठरत नाही, कारण जुना कोरा कागदही हाती लागू शकतो.

ओल्या बोटाने शाई तपासायची आपली सूचना मात्र कृपया कोणी अमलात आणू नये. कॉपिंग पेन्सिलचे (शिशात रंग मिसळलेल्या पेन्सिलीचे) अक्षर पाण्याने जांभळे होऊन फुटते, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. गंजकी टाचणी हलक्या हाताने काढा, दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. सेलोटेप नको, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. ते कागद फाडल्याशिवाय निघत नाही.