काका, बदाम खा!

बँकेत ओटीपी सांगायला जरा वेळ लागला, एवढ्यावरून शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मला ऐकवलं, "काका, बदाम खात जा." स्वतः सत्तरीचे. कलप कानामागे कुठे संपतो ते स्पष्ट दिसत होतं. आणि काका मी!

"रात्री सात भिजवायचे, सकाळी सोलून खायचे. आणि सुडोकू! शिवाय ती एक पावडर येते बघा... अहो ती... हिरव्या डबीतली... त्या नटाची जाहिरात लागते ना? तो हो, मिशीवाला..."

"काका, ओटीपी?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"थांबा हो मॅडम, नाव आठवतंय!" हे उत्तर त्यांनी दिलं. तेवढ्यात माझा ओटीपी बाद.

मी तो विसरलो नव्हतो. हातातल्या कामापुरती जी स्मृती असते, तिच्यात एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. म्हणून सहा आकड्यांच्या जोड्या करायच्या: सत्तेचाळीस, एकोणीस, ऐंशी. झाल्या तीनच. हे साठीनंतरही जमतं. जमत नाही ते कानावरची बडबड गाळणं. वयाबरोबर मेंदूची चाळणी सैल होते आणि आकड्यांसोबत बदामही आत शिरतात. विचारांचा वेग तर तिशीच्या आसपासच उतरणीला लागलेला असतो. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढत राहतो. त्यामुळे अशा माणसाला द्यायचं उत्तर मला झकास सुचतं, फक्त घरी पोचल्यावर.

त्यांच्या पावडरीचं नाव अडलं तेही वयामुळेच. डबी डोळ्यांपुढे उभी असते, उच्चार हाती लागत नाही. विशेषनामांचे हाल सगळ्यांत जास्त. माणूस सुतारकाम करतो हे लक्षात राहतं, त्याचं आडनाव सुतार आहे हे राहत नाही. अशा वेळी विषय सोडून द्यावा, नाव आपसूक येतं. पण मिशीवाल्याला सोडतील तर ना!

सुडोकूनं माणूस सुडोकूत तरबेज होतो, बाकी फार काही होत नाही. त्यापेक्षा चाला. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं, वर्षभर चाललेल्या ज्येष्ठांच्या मेंदूतला स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे 2 टक्के वाढल्याचं 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. विसराळूपणा वाढत चालला तर आधी बी-बारा आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-बारा कमी असण्याची शक्यता जास्त. आणि ते बदामात नसतं. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या डोक्यात गोंधळ उडतो. त्या कुठल्या ते डॉक्टरांना विचारा, शेजारच्या खुर्चीला नको.

खरी चीड वेगळीच आहे. मोबाइलवरचा संदेश वरून डोकावून लगेच गायब होतो, फॉर्मवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि मुदत ठरवणारे सगळे पंचविशीतले. वेग कमी झाला की अक्कलही गेली असं धरून हे लोक एकेक अक्षर फोडून मोठ्यानं बोलतात. मुदत ठेवीचं चक्रवाढ व्याज तोंडी सांगणाऱ्या माणसाला विचारतात, "सोबत कोणी आलंय का?"