पॉवर वाढवा ना, सर!

कॅम्पसचं वायफाय सांभाळणाऱ्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, ‘पॉवर वाढवा ना, सर!’ रेक्टर बोलतात, ग्रंथपाल बोलतात, मेसच्या मावशीसुद्धा पोळी लाटता लाटता बोलून घेतात. मी ‘हो हो’ म्हणतो आणि कंट्रोलर, म्हणजे कॅम्पसभरच्या वायफायला हुकूम सोडणारी यंत्रणा, उघडून पॉवर कमी करतो.

छताला चिकटलेली ती पांढरी थाळी, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, उर्फ एपी, २३ डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप) बोंबलू शकते. म्हणजे २०० मिलिवॅट. खिशातला मोबाइल बिचारा १५च्या आसपास दमतो. मग होतं काय, की मोबाइलला एपीचं सगळं ऐकू येतं, म्हणून दांड्या फुल्ल. एपीला मोबाइलचं काही ऐकू येत नाही, म्हणून नेट गुल. नाशिक ढोल पथकासमोर उभं राहून ढोलवाल्याला पत्ता विचारून बघा, नेमकं हेच होतं. ढोल मोठा करून उपयोग नसतो.

दुसरा त्रास चिकटूपणाचा. तळमजल्यावर जोडलेला फोन तिसऱ्या मजल्यावर पोचला तरी तळमजल्याच्याच एपीला धरून बसतो. दुसरा एपी शोधायचा की नाही हे फोन ठरवतो, आपण नाही. आयफोन तर सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली घसरेपर्यंत शोधायलाच निघत नाही, आणि खालचा एपी जोरात ओरडत असला की तो घसरतच नाही. वायफायचे पट्टे दोन, ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. म्हणून ५ला १४ ते १७ डीबीएमवर आणायचं आणि २.४ला त्याहून ६ने खाली. ३ डीबी उतरलं की पॉवर निम्मी होते. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण लगेच परत वाढवायचं नाही. जोडीला १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करून किमान १२ ठेवायचा. लांबून सावकाशच बोलता येतं, म्हणून मग लांबचा चिकटू आपोआप सुटतो. एखादा जुना प्रिंटरही सुटतो, आणि तो नेमका ऑफिसातला असतो.

चॅनेलचं, म्हणजे पट्ट्यातल्या कोणत्या गल्लीत कुणी बोलायचं याचं, प्रकरण नाशिककराला समजवायला सोपं. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी, वैष्णव रामकुंडावर; आणि रामकुंडावर निर्मोही, दिगंबर, निर्वाणी हे तीन अनी आखाडे ठरल्या क्रमाने स्नानाला उतरतात. २.४ मध्ये चॅनेल दिसतात १३, पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर बसलेले आणि प्रत्येकाला अंग पसरायला २० लागतात. म्हणून खरे आखाडे तीनच, १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे दोन एपी निदान एकमेकांचं ऐकून पाळी लावतात. पण ‘३ रिकामा दिसतोय’ म्हणून तिथे राउटर लावणारा एक हुशार प्रत्येक हॉस्टेलात असतो. त्याचं बोलणं १ला कळत नाही, ६लाही नाही; दोघांना नुसता गोंगाट. द्वारका चौकात आडवी घातलेली रिक्षा!

एपी कॉरिडॉरमध्ये ओळीने लावले असतील (कुणी लावले हे विचारू नका, केबल तिथेच संपत होती) तर ते एकमेकांना लख्ख दिसतात आणि खोलीतल्या मुलाला भिंतीआडून. तिथे एक सोडून एक एपीचं २.४ बंद करायचं. ५ मध्ये चॅनेल भरपूर, म्हणून कुणीतरी ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवून दिलेली असते. एक एपी चार चॅनेलांवर सतरंजी अंथरतो. दाट हॉस्टेलात २०च बरं. आणि ५२ ते १४४ नंबरच्या चॅनेलांवर रडारचा मान पहिला: बसण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐकायचं, रडारची चाहूल लागली तर १० सेकंदांत उठायचं, अर्धा तास परत फिरकायचं नाही. चाहूल बऱ्याचदा खोटी असते. एपी तरीही उठतो, आणि ऑनलाइन परीक्षेतला मुलगाही.

‘ऑटो’वर का सोडत नाही, असं विचारतात. सोडतो, पण कमाल पॉवर १७वर बांधून आणि चॅनेल बदलायची मुभा पहाटे ३ला देऊन. मोकळं सोडलं तर त्याला सबमिशनच्या रात्री साडेअकराला उपरती होते.

एवढं झालं की कानाला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावून तीन मजले चढायचे-उतरायचे. आवाज तुटला नाही तर जमलं. दोन दिवसांनी रेक्टर खूश, ‘वाढवलीत वाटतं! आता जरा मेसकडे पण वाढवा.’

मेसमध्ये एपीच्या खालीच मायक्रोवेव्ह आहे. तो २.४५ गिगाहर्ट्झवर भाजी गरम करतो. ‘हो हो’ म्हणून मी तिथलं २.४ बंदच करून टाकतो.